अडतीस जागा

९ ऑक्टोबर २००२, बुधवार

पारख सर म्हणाले, सर्वेक्षण करणाऱ्याने रोजच्या रोज टिपण ठेवावं. ते ठेवतेच आहे, ऑफिसच्या वहीत. ही वही माझी. तिकडे आकडे, इकडे कुरकुर.

नऊ वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवतेय. तासाला पंच्याहत्तर रुपये, सुट्टीत काही नाही. आता 'आलेख' नावाच्या पुण्याच्या संस्थेने हे काम दिलंय; पारख सर तिथलेच. पुढच्या वर्षी सिंहस्थ. त्याआधी नाशकात यात्रेकरू आणि पर्यटकांवर किती माणसांचं पोट चालतं आणि वर्षाला त्यांना किती सुटतात, ते मोजायचं. लॉज, रिक्षा, दुकानं, घाट, सगळं. आजवर कोणी मोजलेलंच नाही. पारख सरांनी सिंहस्थाचं काम बघणाऱ्या वरच्या ऑफिसातल्या एका साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "पुष्कळ." पुष्कळ हा काही आकडा नव्हे.

माझ्याकडे गंगेवरचा, म्हणजे गोदावरीचा, घाट आलाय. मदतीला अफरीन. जुन्या नाशकातली मुलगी, बी.ए. झालेली, अक्षर सुंदर, प्रश्न फार विचारते. काम नीट झालं तर 'आलेख'च्या नाशिक शाखेत संशोधन अधिकाऱ्याची जागा निघणार आहे, कायमची. पारख सर तसं स्पष्ट बोलले नाहीत, पण दोनदा सूचित केलं. मी तिसऱ्यांदा सूचित करण्याची वाट बघतेय.

जयरामची या आठवड्यात पहिली पाळी. ओझरच्या कारखान्याची बस पहाटेच येते, म्हणजे डबा त्याच्याही आधी. पुढच्या आठवड्यात दुसरी, मग तिसरी. लग्नाला बारा वर्षं झाली, आमच्या घरातलं जेवायचं घड्याळ अजून एका जागी ठरलेलं नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

घाटावर फुलवाल्यांच्या अडतीस जागा आहेत. आम्ही पायरीवर खडूने नंबर टाकले. एक जागा, एक टोपली, एक बाई. मोजायला इतकं सुटसुटीत दुसरं काही नाही. घाटावरच्या रिक्षावाल्यांनी जीव घेतला होता.

सतरा नंबरवर नवसाबाई. मखमलाबादची, पन्नाशीच्या आतली, द्रोणात फुलं आणि वात लावता लावता बोलत होती. हात थांबला नाही एकदाही. प्रपत्रातले प्रश्न मी जसेच्या तसे विचारते, आपल्या मनाने भर घालायची नाही असा नियमच आहे.

"काम रोज करता का?"

"रोजच की. आम्हाला खाडा कुठला?"

"वर्षातून किती दिवस?"

"बारा महिने. फुलं काय सुट्टी घेत्यात का, ताई?"

मी तीनशे लिहिले. आजारपण, लग्नकार्य वजा करून तीनशे धरायचे असं ठरलंय.

दिवसाला किती सुटतात म्हटल्यावर मात्र ती हसली आणि कोणाला सांगणार म्हणून विचारलं. मी गोपनीयतेचं वाक्य वाचून दाखवलं. ते ऐकून ती शेजारच्या बाईकडे बघून आणखी हसली. "खर्च जाता शंभर-सव्वाशे धरा." मी एकशे दहा लिहिले.

मग आपणहून सांगायला लागली, की सिंहस्थाचा पहिला पाख त्यांच्या घराला आलाय. पाख म्हणजे पंधरवडा. "मागच्या सिंहस्थात आम्हाला आखाडातला कोरडा आला व्हता, गर्दीच्या आधीचा. आवंदा श्रावणातला हाय. त्यात विहिरीला आडवं बोअर मारून घ्यायचं." त्यांची विहीर मार्चात आटते आणि एप्रिलपासून फुलं बंद होतात. आडवं बोअर मारलं तर उन्हाळाभर फुलं निघतील, असा तिचा हिशेब. चांगला आहे हिशेब. प्रपत्रात पुढच्या वर्षाला रकाना नाही, म्हणून ते काही लिहिलं नाही.

जाताना तिने द्रोण हातात ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. उत्तर देणाऱ्यांकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे. मी घेतला. एकदा तरी गंगेला दिवा सोडावा की माणसाने.

१९ ऑक्टोबर, शनिवार

अफरीनला रागावले. तिने आठ-नऊ प्रपत्रांच्या शेवटी, शेरा म्हणून असतो त्या रकान्यात, "अमावस्या-पौर्णिमेला बाई बदलते" असं लिहिलंय. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, त्या तसं म्हणत होत्या. मी समजावलं, की घाटावर अमावस्या-पौर्णिमेच्या शंभर समजुती असतात, त्या प्रपत्रात आणत बसलीस तर सर्वेक्षणाचं पंचांग होईल. शिवाय शेरा कॉम्प्युटरमध्ये जातच नाही.

"मग रकाना कशाला ठेवलाय, मॅडम?"

या मुलीला उत्तर देताना थोडं थांबावं लागतं. मी म्हटलं, जागा उरली होती म्हणून.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी झाली. आजपासून फेरतपासणी. पहिल्या फेरीत भेटलेली माणसं खरी आहेत का, ते पुन्हा जाऊन बघायचं.

सतरा नंबरवर नवसाबाई नाही. दुसरीच बाई. कुसाबाई म्हणून, साठीची, कपाळावर मोठं गोंदण, बोलायला काटकसरी.

"ही जागा कोणाची?"

"माझी."

"नवसाबाई कोण मग?"

"हाय की. आमच्यातलीच हाय."

"ती बसते का इथे?"

"आता नाय बसत."

मी अठरावर गेले. तिथेही वेगळी बाई. एकोणीस, वीस, एकवीस. संध्याकाळपर्यंत वीस जागा झाल्या आणि त्यातल्या अठरा जागांवर ऑक्टोबरमधली बाई नव्हती. प्रत्येकीने जागा माझी म्हणून सांगितलं. महिनाभराचं काम, आणि अठरा नावं खोटी. नवसाबाईचा तर फारच राग आला. इतकं गोड बोलून तोंडावर खोटं सांगितलं. तो द्रोण घ्यायला नको होता.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

उलगडा झाला. अडतीसपैकी पस्तीस जागांवर वेगळी बाई निघाली, आणि त्याचं कारण आज पारख सरांशी बोलताना कळलं. ऑक्टोबरमध्ये गावात बोलवा उठली होती, की सिंहस्थासाठी घाटावर बसायचे पास निघणार आणि आमच्या यादीवरूनच मिळणार. पासच्या आशेने बाहेरच्या बायका येऊन टोपली मांडून बसल्या असणार. आता दिवाळीनंतर कंटाळून गेल्या आणि मूळच्या परत आल्या. सगळं जुळतं.

फेरतपासणीचा नियम सरळ आहे. दोन वेळा दोन नावं मिळाली तर दुसरं धरायचं. पस्तीस नावांवर मी लाल रेघ मारली आणि नवीन लिहिली. सतरा नंबरला कुसाबाई.

अफरीन बाजूला उभी होती. म्हणाली, "मॅडम, पस्तीसच्या पस्तीस बाहेरच्या असतील?" मी म्हटलं, आकडे भावनेवर चालत नाहीत. हे वाक्य मी वर्गात दरवर्षी म्हणते.

पारख सर खूश आहेत. "एक्सलेंट, मॅडम. एक जागा, एक माणूस. डेटा असा क्लीन पाहिजे." हे तिसरं सूचित करणं धरावं का?

६ डिसेंबर, शुक्रवार

अहवाल गेला. घाट, फुलविक्रेत्या: रोजगार अडतीस. वर्षाला कामाचे दिवस तीनशे. प्रत्येकी वार्षिक मिळकत तेहतीस हजार. जयरामला वाचून दाखवलं तर म्हणाला, "मग आपण इथे काय करतोय? चल, टोपली घेऊन बसू." त्याची तिसरी पाळी असली की त्याला असले विनोद सुचतात.

माझं नाव पहिल्या पानावर आहे, संस्थेच्या नावाखाली. छोट्या अक्षरात, पण आहे.

२१ जानेवारी २००३, मंगळवार

आज नवसाबाई कॉलेजात आली. शिपाई म्हणाला, एक बाई भेटायला आलीय, फुलवाली दिसते. मी आधी आत बोलवलंच नाही, व्हरांड्यात गेले. खरं सांगायचं तर भांडायच्या तयारीने गेले.

ती भांडली नाही. पदर सारखा करून म्हणाली, "ताई, पास निघाले. कुसाबाईच्या नावाचा निघाला. माझा पाख गेला."

मी म्हटलं, आमच्या यादीत जागा कुसाबाईची आहे, तर पास तिच्याच नावाचा निघणार.

"जागा तिची हाय. माझी बी हाय. पाच घरांची हाय."

मग तिने सांगितलं ते मी इथे नीट लिहिते. घाटावरची एकेक जागा पाच पाच घरांची आहे. अमावस्येला किंवा पौर्णिमेला बाई उठते आणि दुसऱ्या घरची बसते. एक पाख विकायचं, चार पाख घरी फुलं पिकवायची. अडचण आली तर दोघी आपसात पाख बदलून घेतात, म्हणून तीन जणी मला दोन्ही वेळा दिसल्या. सासूच्या सासूपासून असंच चालत आलंय. ऑक्टोबरात तिचा पाख होता, म्हणून मला ती दिसली. नोव्हेंबरात कुसाबाईचा होता, म्हणून ती. आता पासवर एकच नाव आणि फोटो, दुसऱ्या कोणी बसायचं नाही असा शिक्का. कुसाबाईचा मुलगा म्हणतो, सरकारनेच दिलाय पास, आपण कशाला सोडायचा?

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मी विचारलं नव्हतं का, रोज काम करता का?"

"करतेच की रोज. कधी गंगेवर, कधी वावरात."

"आणि तीनशे दिवस?"

"तीनशे तुम्ही लिहिलं. मी बारा महिने म्हणले."

ती गेल्यावर मी वर्गात गेले आणि पाऊण तास प्रमाण विचलन शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही.

२२ जानेवारी, बुधवार

जयरामला सांगितलं. नवसाबाईचंच चुकलं, असंच सांगत होते अजूनही. त्याने ऐकून घेतलं आणि बूट काढता काढता म्हणाला, "माझ्या मशीनवर आम्ही तिघं आहोत. आज सकाळी आलीस तर मी दिसेन. पुढच्या आठवड्यात त्याच वेळेला आलीस तर पाटील दिसेल. मग मी बोगस का?"

मी स्वयंपाकघरात निघून आले. पाळीप्रमाणे डबे भरते मी, बारा वर्षं. माझ्याइतकं हे कोणाला कळायला हवं होतं?

नंतर कागद घेऊन बसले. वर्षात चोवीस पाख. घरं पाच. चोवीसला पाचाने पुरा भाग जात नाही. म्हणून यंदा ज्या घराला पितृपक्षाची गर्दी मिळते, त्याला ती पुढच्या वर्षी मिळत नाही, शेजारच्या घराकडे सरकते. घरं चार असती, तर दरवर्षी त्याच घराला पितृपक्ष आणि त्याच घराला आषाढ मिळाला असता. पाच मुद्दाम ठेवलीत. अधिक महिना आला की क्रम उलट बाजूला सरकतो, तेवढं त्या सांभाळून घेतात. कोणी बसवलं असेल हे गणित? माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला इतकं सुबक जमलं नसतं.

खरा आकडा असा. रोजगार अडतीस नव्हे, एकशे नव्वद घरं. दिवस तीनशे नव्हेत, त्र्याहत्तर. मिळकत तेहतीस हजार नव्हे, घरटी आठ हजार. आणि बोगस एकही नाही. सगळ्या खरं बोलल्या. अफरीनच्या शेऱ्यात हे ऑक्टोबरातच लिहिलेलं होतं. मला लाज वाटली, आणि ती कोणापुढे वाटून घ्यावी तेही कळेना.

२५ जानेवारी, शनिवार

पारख सरांना भेटले. त्यांनी शांतपणे ऐकलं. चहा मागवला. मग म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट अ‍ॅक्सेप्ट झालाय. पास वाटून झालेत. आता तुम्ही म्हणणार अडतीसचे एकशे नव्वद? लोक हसतील. बाकीच्या आकड्यांवर पण कोण विश्वास ठेवणार?" ते अगदीच चुकीचं बोलत नव्हते, हाच त्रास.

निघताना म्हणाले, मार्चमध्ये ती जागा भरायची आहे. यावेळी सूचित नव्हतं, सरळ होतं. सोबत काय गिळायचं आहे, तेही सरळच होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

आठ दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं केलंच नाही. रोज ठरवते पत्र लिहायचं, रोज कॉलेजच्या उत्तरपत्रिका काढून बसते. कायमची नोकरी मला हवी आहे. हे इथे तरी लिहायला हवं. सदतीस वर्षांची झाले, अजून मे महिन्यात जयरामकडे भाजीचे पैसे मागते.

आज अफरीनला सगळं सांगितलं आणि माफीही मागितली. ती म्हणाली, "माफी राहू द्या, मॅडम. आधी गंगेवर जाऊन त्यांना विचारू, काय करायचं ते." मी म्हटलं, आधी मला काय करायचंय ते ठरू दे.

१० फेब्रुवारी, सोमवार

अफरीन एकटीच जाऊन आली. तिथे बायकांनी काहीतरी जमवलंय म्हणे. कुसाबाई पास गळ्यात घालून रोज जागेवर बसते, नुसती बसते. तिच्या शेजारी ज्या घरचा पाख, ती बाई बसून विकते. सगळ्या जागांवर थोड्याफार फरकाने तसंच. मुलाला कुसाबाईनेच गप्प केलं. पास बघायला माणूस आला, की विकणारी बाई म्हणते, मी हिची जाऊ, पाणी प्यायला बसले. नवसाबाईने निरोप दिलाय: ताईंना सांगा, काही करू नका, आमचं आम्ही बघतोय.

मला भरून आलं. किती सोसायचं या बायकांनी? साठ वर्षांच्या म्हातारीने विनाकारण रोज उन्हात बसायचं, आणि बाकीच्यांनी स्वतःच्याच जागेवर चोरासारखं विकायचं. आणि वर मला त्रास नको म्हणून निरोप. हे ऐकल्यावर मात्र गप्प बसणं शक्य नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्र दिलं. वरच्या ऑफिसात, आवक विभागात, शिक्का घेऊन. प्रत पारख सरांना. तीन पानं. माझी चूक पहिल्याच परिच्छेदात कबूल केली. पाखाची पद्धत तक्त्यासह समजावली. एका जागेला पाच नावांचे पास द्यावेत, अशी विनंती केली. आणि पुरावा म्हणून सध्या घाटावर काय चाललंय ते लिहिलं, की पासधारक बाई नुसती बसून असते आणि प्रत्यक्ष विक्री दुसरीच करते.

अफरीनला मसुदा वाचून दाखवला होता. तिने त्या शेवटच्या भागावर बोट ठेवलं. "हे नका लिहू, मॅडम."

"पुरावा नसला तर पत्राला वजन येत नाही."

"एकदा त्यांना विचारून तरी."

मी म्हटलं, त्या नाहीच म्हणणार. त्यांना सवय झालीय सोसायची.

घरी आले तेव्हा कित्येक महिन्यांनी हलकं वाटत होतं. नोकरी गेली तर गेली. जयरामने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, एक काम धड केलं. जयरामची पाळी नव्हती, म्हणून आम्ही दोघं एका वेळेला जेवलो.

११ मार्च, मंगळवार

काल घाटावर तपासणी झाली. वरच्या ऑफिसचे दोघं साहेब आणि एक कारकून. कारकुनाच्या हातात माझं पत्र होतं. त्यांनी एकेका जागेवर पास मागितला, मग टोपलीमागे बसलेल्या बाईचं नाव विचारलं. जाऊ, पाणी, काही चाललं नाही. काय उत्तरं येणार हे त्यांना आधीच माहीत होतं, पत्रात लिहिलेलं होतं. सतरा नंबरवर पास कुसाबाईचा, टोपली नवसाबाईची. तिचाच पाख होता.

एकतीस पास जागेवर रद्द केले. कारण असं, की पास दुसऱ्याला वापरायला दिला. पाच नावांचे पास? ते नियमात बसत नाही. उरलेल्या सातांसाठी वेगळी व्यवस्था ठेवणं सोयीचं नाही, म्हणून तेही जाणार. सिंहस्थासाठी घाटावर फुलांची दहा टेबलं लागणार आणि एकाच ठेकेदाराला मिळणार. निविदा निघाली आहे.

हे मला अफरीनने सांगितलं.

१६ मार्च, रविवार

मखमलाबादला गेले. नवसाबाई वावरात झेंडू खुडत होती. शेजारी कुसाबाईही होती, तिची पाठ माझ्याकडे. ती शेवटपर्यंत वळली नाही. वाटलं होतं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवसाबाईने बांधावर बसवलं, चहा दिला. मी माफी मागितली. हे सुधारण्यासाठी मी आणखी कोणाकडे जाते, वर्तमानपत्रात लिहिते, असं काहीबाही बोलत राहिले. तिने ऐकून घेतलं.

"ताई, आता काय बी नका करू. तुम्ही आमच्यासाठी केलं, ते कळतंय मला. पण जमलं व्हतं आमचं. कुसाबाईला घर टाकून बसावं लागायचं, म्हणून आम्ही चौघी तिच्या वांग्याला पाणी देऊन यायचो. चाललं असतं तसं सिंहस्थापत्तोर." तिने माझा रिकामा कप उचलला. "तुम्ही एकदा इचारायचं व्हतं."

"मी विचारलं होतं, नवसाबाई. ऑक्टोबरात."

"ते तुमच्या कागदातलं इचारलं."

विहिरीत डोकावून आले. तळाला हातभर पाणी होतं.

२ एप्रिल, बुधवार

पारख सरांचा फोन. मला वाटलं, हिशेब मिटवायला बोलावतायत. तर म्हणाले, "मॅडम, तुमच्या लेटरने कमाल केली. वरच्या ऑफिसला पटलं की पहिली फेरी कमी पडली. सेकंड राउंड सँक्शन झाला, सिंहस्थात. डबल बजेट. तुम्हीच करणार ना?" आणि ती जागाही. एक मेपासून रुजू व्हायचं.

दिवसभर नाही म्हणायचं ठरवत होते. सायंकाळी फोन करून हो म्हटलं. कारण लिहायला बसले तर पानभर लिहिता येईल, पण खरं एका ओळीचं आहे. मला ती नोकरी हवी होती. अफरीनला विचारलं, येतेस का? ती म्हणाली, तिला एका शाळेत काम मिळालंय, पगार कमी आहे पण बरं आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

दुसऱ्या फेरीचा घाट आज. नवीन प्रपत्र मीच बनवलंय. त्यात पाखाचा रकाना आहे, घरांची संख्या आहे, पाळीचा क्रम आहे. पुण्यात सगळ्यांनी वाखाणलं. आज हा रकाना एकदाही वापरावा लागला नाही.

घाटावर दहा टेबलं, निळं कापड घातलेली. फुलं ठेकेदाराच्या टेम्पोतून येतात. टेबलामागे बायका उभ्या, निळे ॲप्रन, छातीवर नंबर. पुरेशा बायका ठेकेदाराला मिळाल्यात, त्यातल्या बऱ्याच जुन्याच. कुसाबाई दिसली नाही. म्हातारीला ठेवलं नसेल, की तीच आली नसेल, मला विचारायचं धाडस झालं नाही.

सहाव्या टेबलावर नवसाबाई होती. मला बघून तिने मान हलवली. श्रावण, शुद्ध पक्ष. तारखा मला पाठ होत्या. हा तिच्या घरचा पाख होता, बारा वर्षांनी आलेला.

मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला तरी पाठवते मी. ती म्हणाली, "कशाला? तुम्हीच इचारा."

तिचे हात द्रोण भरत होते. मुकादम बघत होता, म्हणून मी भराभर विचारलं.

"काम रोज करता का?"

"रोज. खाडा केला की पैसे कापत्यात."

"दिवसाला किती?"

"साठ."

"फुलं तुमच्या घरची?"

"नाय. घरची इथं चालत नाय."

"जागा किती घरांची?" हा माझाच प्रश्न होता, छापील, सातव्या क्रमांकाचा. तोंडातून गेल्यावर कळलं.

"कोणाच्याच घराची नाय." तिने द्रोण पुढच्या गिऱ्हाइकाच्या हातात दिला, पैसे डब्यात टाकले आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "आता पाख नाय, ताई, हजेरी हाय. एक टेबल, एक बाई. लिहा. आता तुम्हाला सोपं झालं."

मी एक लिहिलं. मग पुढच्या टेबलावर गेले.